शेळी नावाचा राक्षस

पुढून सिंह, मागून साप, मधे शेळी, आणि तोंडातून आगीचे लोळ. होमरच्या ‘इलियड’मध्ये सहाव्या सर्गात हा प्राणी येतो आणि दोन-चार ओळींत बेलेरोफोनच्या हातून मरूनही जातो. इंग्रजीच्या वाटेनं तो आपल्याकडे ‘कायमेरा’ म्हणून आला. नाव ऐकलं की कसं भारदस्त वाटतं! ग्रीक माणसाला ते तसं वाटत नसणार. मूळ शब्द ‘खिमायरा’, आणि त्याचा अर्थ शेळी. दावणीला बांधलेली, लेंड्या टाकणारी, साधी शेळी. त्यातही जेमतेम एक हिवाळा पाहिलेली. ‘खेइमा’ म्हणजे हिवाळा, आणि हा शब्द आपल्या ‘हिम’चा सख्खा भाऊ आहे.

हल्ली शाळा-कॉलेजातली मुलं फँटसी लिहितात आणि त्यांच्या वह्या कधीमधी माझ्या हाती येतात. त्यांत राक्षसांची नावं असतात झार्गोथ, क्रोनाथॉर, व्हेलमोरॅक्स. वर्णनात सहा हात, चार शिंगं, लाल डोळे, आम्लाची लाळ. ‘हे ग्रीक पुराणावरून घेतलंय’ असं शेजारी लिहिलेलं असतं. घेतलेला असतो तो फक्त शेवटचा ‘ऑर’ किंवा ‘ॲक्स’. ग्रीकांनी राक्षस कसे घडवले, हे पाहिलं तर या मुलांची निम्मी मेहनत वाचेल.

आधी नावंच घेऊ. सायक्लॉप्स, म्हणजे मुळातला ‘कुक्लोप्स’: गोल-डोळ्या. ‘कुक्लोस’ म्हणजे आपलं ‘चक्र’, दोन्ही एकाच मुळातून निघालेले. गंमत म्हणजे नावात ‘एक’ कुठेच नाही. डोळा गोल आहे एवढंच नाव सांगतं. एकुलता आहे हे गोष्टीतून कळतं. हार्पी म्हणजे हिसकावणारी. त्यांच्यातल्या एकीचं नाव ओकुपेते. त्यातला ‘ओकु’ म्हणजे संस्कृत ‘आशु’ आणि ‘पेते’ म्हणजे पतंगातला ‘पत्’, म्हणजे वेगानं उडणारी. हायड्राच्या नावात पाणी आहे, आपल्या ‘उदका’चंच नातलग. ग्रीक कोळ्याला हा शब्द ऐकून पाणदिवड आठवत असणार. लेर्नाच्या दलदलीतली ती नऊ डोक्यांची भयंकर हायड्रा म्हणजे नावापुरती पाणदिवडच. मिनोटॉर म्हणजे मिनोस राजाचा बैल. मेदूसा म्हणजे राखण करणारी, सत्ता चालवणारी. स्कुल्ला ही सहा डोक्यांची, बारा पायांची, जहाजावरून खलाशी उचलून नेणारी राक्षसी; तिच्या नावाचा संबंध ग्रीक मंडळी ‘स्कुलाक्स’शी, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाशी जोडत, आणि होमरही सांगतो की तिचा आवाज पिल्लासारखा होता. क्षणभर कल्पना करा: अंधारी कपार, खाली खवळलेलं पाणी, आणि वरून कुई-कुई ऐकू येतंय.

या राक्षसांपैकी काहींची आई म्हणजे एखिदना. वरून सुंदर स्त्री, खालून साप. तिचं नाव ‘एखिस’वरून आलं, म्हणजे विषारी साप, घोणस-फुरशांच्या जातीचा. कोकणात पावसाळ्यात ज्याच्यापायी लोक बॅटरी घेतल्याशिवाय परसात जात नाहीत, त्या फुरशाचं शास्त्रीय नाव ‘एखिस कॅरिनाटस’. म्हणजे राक्षसांच्या या आदिमातेला रत्नागिरीच्या बोलीत ‘फुरशीण’ म्हटलं, तर अनुवाद म्हणून ते अगदी बरोबर आहे.

इतकी साधी नावं का? भीती ओळखीच्या वस्तूला चिकटते, अनोळखी आवाजाला नाही. आपल्या लोकांनीही हेच केलं. ‘चकवा’ म्हणजे चकवणारा. ‘मुंजा’ म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंजेआधी गेलेला पोरगा. शब्द ऐकताच त्या घरातलं दुःख आणि पिंपळावरची भीती दोन्ही एकदम अंगावर येतात. झार्गोथ ऐकून काहीच येत नाही. झार्गोथला घर नाही.

आता शरीर. रोमन कवी होरेसनं काव्यकलेवरच्या आपल्या पत्राची सुरुवातच एका काल्पनिक चित्रकारापासून केली आहे. हा चित्रकार माणसाच्या डोक्याला घोड्याची मान लावतो, त्यावर नाना पक्ष्यांची पिसं चिकटवतो आणि खाली मासा जोडतो. असं चित्र पाहून तुम्हाला हसू आवरेल का, असं होरेस विचारतो. जोडकाम करणाऱ्या प्रत्येकानं हा टोमणा लक्षात ठेवावा. ग्रीकही जोडकामच करत, पण त्यांचा राक्षस बहुधा दोन किंवा तीन प्राण्यांवर थांबतो आणि जोड कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. सेंटॉर कमरेपर्यंत माणूस, पुढे घोडा. वरची बुद्धी आणि खालची उधळ यांचं भांडण तिथेच, कमरेत, सुरू होतं. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ कोरलेला असतो, सिंहासारखा, कधी पंजाखाली हत्ती दाबून धरलेला. तो पाहून हसू येत नाही, कारण त्याचं काम एका नजरेत कळतं: हत्तीपेक्षा मोठी ताकद इथे राखणीला आहे. खिमायरेचं जोडकाम मात्र ग्रीकांनाही थोडं अवघड गेलं असावं. पाठीतून उगवलेल्या शेळीच्या मुंडक्याचं करायचं काय? इटलीत आरेत्झो गावी 1553 मध्ये सापडलेला खिमायरेचा एट्रुस्कन कांस्यपुतळा आज फ्लॉरेन्समध्ये आहे. त्याची सापाची शेपटी नंतर, अठराव्या शतकात बसवली, आणि बसवणाऱ्यानं तो साप असा वळवला की तो आपल्याच शेळीचं शिंग चावतोय! तीन तोंडं एका अंगावर असली की घरात शांतता कुठून राहणार.

पण माझ्या मते राक्षस अवयवांनी उभा राहत नाही. तो नियमानं उभा राहतो. मेदूसाकडे पाहिलं की दगड होतो; म्हणून पर्सियसला ढालीतल्या प्रतिबिंबाकडे बघत तिला गाठावं लागलं. हायड्राचं एक डोकं तोडलं की दोन फुटतात, म्हणून हेराक्लीसचा पुतण्या इओलाओस प्रत्येक तुटलेली मान जळत्या पलित्यानं डागत गेला. स्फिंक्स कोडं घालते आणि उत्तर मिळालं की स्वतःच कड्यावरून उडी घेते. पाताळाच्या दारातला केर्बेरोस हा कुत्रा तर लेखकांसाठी आख्खा धडाच आहे. हेराक्लीसनं त्याला नुसत्या बळानं ओढून वर आणलं. ऑर्फियसनं वीणा वाजवून गुंगवलं. व्हर्जिलच्या महाकाव्यात एनियसबरोबरची सिबिल त्याच्यापुढे गुंगीचं औषध घातलेली मधाची पोळी फेकते. एकच कुत्रा आणि तीन माणसं. प्रत्येक माणसाचा स्वभाव त्या कुत्र्यासमोर उघडा पडतो. राक्षस हवा असतो तो मुळात नायकाला ओळखण्यासाठी, आणि मुलांच्या वह्यांत नेमका तिथे गोंधळ असतो. नायक येतो, तलवार उपसतो, राक्षस मरतो. त्याऐवजी दुसराच राक्षस तिथे असता तरी गोष्ट तीच राहिली असती.

जे. के. रोलिंगनं 1997 मधल्या पहिल्याच हॅरी पॉटरमध्ये हाच केर्बेरोस उचलला. तीन डोकी ठेवली, दाराची राखण ठेवली, संगीतानं झोपणं ठेवलं. बदललं फक्त नाव: फ्लफी, म्हणजे आपल्याकडे एखाद्या गुबगुबीत पॉमेरेनियनला ठेवतात तसं. आणि हॅग्रिड सांगतो की तो त्यानं एका ग्रीक माणसाकडून विकत घेतला. वरवर हा विनोद आहे, पण शेळीला शेळी म्हणणाऱ्यांच्या परंपरेतच तो बसतो. रिक रायर्डननं 2005 मधल्या पहिल्या पर्सी जॅक्सन पुस्तकात मेदूसाला अमेरिकेतल्या हमरस्त्यावर बागेतले पुतळे विकणारी ‘आंटी एम’ केलं. पुतळे कुठून आले असतील हे वाचकाला पात्रांच्या आधी कळतं आणि पोटात गोळा येतो. नियम जुनाच, दुकान नवं. उलट 1981 च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ या सिनेमानं ग्रीक गोष्टीत नॉर्वेकडचा समुद्रराक्षस क्राकेन आणून सोडला. लोकांनी तो आवडीनं पाहिला, आणि आज अनेकांना क्राकेन ग्रीकच वाटतो. सिनेमा म्हणून ठीक आहे. पण ज्याला ग्रीक जग उभं करायचंय त्यानं असा पाहुणा आणला, तर निदान तो कुणाच्या घरून आला हे माहीत असू द्यावं.

घराणं ही ग्रीकांची खास खोड. इसवीसनपूर्व 700 च्या सुमाराचा कवी हेसिओद देवांची वंशावळ सांगतो, आणि राक्षसांचीही तितक्याच गंभीरपणे सांगतो. एखिदना आणि टायफन यांची मुलं म्हणजे दोन डोक्यांचा कुत्रा ऑर्थोस, केर्बेरोस आणि हायड्रा. हेसिओदच्या हिशोबात केर्बेरोसला पन्नास डोकी आहेत. तीनवर तो नंतर स्थिरावला. मेदूसाची मान कापली तेव्हा त्यातून पंखांचा घोडा पेगासस निघाला. पुढे याच पेगाससवर बसून बेलेरोफोननं खिमायरेला मारलं. म्हणजे एका राक्षसीचा मुलगा दुसऱ्या राक्षसीच्या वधाला कारण. भाऊबंदकी इथेही सुटत नाही. नवीन प्राणी रचताना तो कुणाचा कोण हे ठरवलं की निम्मी गोष्ट आपोआप सुचते.

एक वळण आपल्यासाठी जिव्हाळ्याचं आहे. ग्रीकांना आपल्या गावात पुरेसे राक्षस मिळेनात तेव्हा त्यांनी ते नकाशाच्या कडेला ठेवले, आणि कडेला होतो आपण. इराणी सम्राट दुसऱ्या आर्टाक्सर्क्सीसच्या दरबारात क्तेसियास नावाचा ग्रीक वैद्य होता. हिंदुस्थानात पाऊलही न टाकता त्यानं हिंदुस्थानावर ‘इंदिका’ हे पुस्तक लिहिलं. त्यात एक प्राणी आहे: माणसाचं तोंड, सिंहाचं अंग, विंचवाची शेपटी, दातांच्या तीन रांगा. नाव मार्तिखोरास, जुन्या इराणीतून आलेलं. त्यातला ‘मार्तिय’ म्हणजे आपला ‘मर्त्य’, आणि पुढचा भाग खाण्याचा. म्हणजे माणूसखाऊ, किंवा सरळ नरभक्षक. पुढे ॲरिस्टॉटलच्या एका नकलेत लिहिणाऱ्याच्या हातून ‘र’चा ‘न’ झाला आणि जगभरच्या फँटसी कादंबऱ्यांत, खेळांत आज जो ‘मँटिकोर’ फिरतो तो जन्माला आला. नकलनविसाच्या चुकीतून इतकं चांगलं नाव क्वचितच निघालं असेल. दुसऱ्या शतकातला प्रवासी पौसानियस मात्र शहाणा होता. हा प्राणी बहुधा वाघ आहे, बाकीचं लोकांनी घाबरून वाढवलंय, असं त्यानं लिहून ठेवलं.

हिंदुस्थानातच राहणारे म्हणून सांगितलेले ‘स्कियापोद’ मला जास्त आवडतात. एकच पाय, तोही एवढा मोठा की उन्हात उताणं पडून तो डोक्यावर छत्रीसारखा धरायचा. ‘स्किया’ म्हणजे छाया, ‘पोद’ म्हणजे पाद. छायापाद! शब्द इतका आपला वाटतो की परत मागावासा वाटतो. सी. एस. लुइसनं 1952 मधल्या नार्नियाच्या पुस्तकात हे एकपायी लोक एका बेटावर नेऊन वसवले. तिथे ते दिवसभर उड्या मारत फिरतात.

आता लिहिणाऱ्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. ग्रीक नाव रचायचं असेल तर मराठी माणसाचा हात एका बाबतीत इंग्रजी लेखकापेक्षा मोकळा आहे. अभिजात काळात अथेन्समधले लोक फ, थ, ख हे वर्ण खरोखरच महाप्राण उच्चारत. रोमन लिपीला त्यासाठी दोन-दोन अक्षरं लावावी लागली आणि इंग्रजीत त्यांचा उच्चार भलतीकडेच गेला. देवनागरीत मात्र ‘खिमायरा’तला ‘ख’ एका अक्षरात जागेवर बसतो. म्हणून इंग्रजी स्पेलिंग वाचून ‘चिमेरा’ किंवा, होमरमधल्या चेटकिणीसाठी, ‘सर्सी’ लिहू नये. ‘खिमायरा’, ‘किर्के’ लिहावं. दोन शब्द जोडताना मधे बहुधा ‘ओ’ येतो. शेवटी पुरुषाला बरेचदा ‘ओस’, स्त्रीला ‘आ’, ‘ए’ किंवा ‘इस’. ‘उस’ हा लॅटिनचा प्रत्यय आहे, तो रोमन गोष्टीसाठी राखून ठेवावा. व्याकरण एवढं पुरतं.

करून बघू. अथेन्सच्या दक्षिणेला लाव्रिओन नावाच्या चांदीच्या खाणी होत्या. इसवीसनपूर्व 483 मध्ये तिथे मोठा साठा हाती लागला. थेमिस्टोक्लीसनं नागरिकांना पटवून त्या पैशातून लढाऊ जहाजं बांधली, आणि तीन वर्षांनी सालामिसला इराणी आरमार हरलं. हा इतिहास अथेन्सचा. खाणीतला इतिहास गुलामांचा. ताठ उभं राहता येऊ नये अशा बोगद्यांत, कोनाड्यात ठेवलेल्या तेलाच्या दिव्याच्या उजेडात ते दगड फोडत. गोष्ट तिथे आहे आणि भीतीही तिथेच आहे. त्यांना कशाची भीती वाटत असेल? दिवा विझण्याची. मग दिवे विझवणारं काहीतरी हवं. ते का विझवतं? तेल पितं म्हणून. राहतं कुठे? हेसिओद सांगतो की एखिदना जमिनीच्या पोटातल्या गुहेत राहते. खाण खोदता खोदता माणसं तिच्या माजघरात शिरली असतील, तर ही तिची धाकटी लेक, केर्बेरोसची बहीण. भाऊ पाताळाचं पुढचं दार राखतो, ही मागचं.

शरीर कमीत कमी ठेवू. आंधळी, फिकट, सापासारखी लांब, आणि जीभ वातीसारखी काळी. नियम एकच: तिला फक्त ज्योत जाणवते. दिवा हातात असेल तर ती येणार, दिवा विझवून अंधारात बसलात तर शेजारून निघून जाणार. म्हणजे ज्या गोष्टीचा आधार, तीच घात करणारी. मुकादम वरून ओरडतोय की दिवे लावा, काम करा. खाली गुलामाला माहीत आहे की जगायचं तर अंधारात राहायचं. नायक कोण, हे आता विचारायलाच नको. तलवारही लागणार नाही.

नाव? दिवा म्हणजे ‘लुख्नोस’. तेज दाखवणाऱ्या आपल्या ‘रुच्’ धातूच्या गोत्रातला शब्द. दारू पिणाऱ्या बाईला ग्रीकमध्ये ‘ओइनोपोतिस’ म्हणत. त्यातल्या ‘पोतिस’मध्ये आपलं ‘पिणं’च आहे. त्याच धर्तीवर ‘लुख्नोपोतिस’, म्हणजे दिवे पिणारी. व्याकरणात बसलं, कानालाही बरं वाटतं. कवी हे नाव महाकाव्यात घालतील. पण खाणीतली माणसं एवढं लांब नाव घेत बसणार नाहीत. ती तिला ‘पोतिस’, म्हणजे नुसती ‘पिणारी’ म्हणतील, आणि तेही हळू आवाजात. मराठीत लिहीत असाल तर मी ‘दिवेपिणी’ म्हणेन. ‘लुख्नोपोतिस’ मुखपृष्ठावर चांगलं दिसेल, पण रात्री परसात जाताना आठवेल ती दिवेपिणीच.

एक धोका सांगायला हवा. ग्रीक राक्षस आज जागतिक मालमत्ता झाले आहेत, त्यामुळे ते गुळगुळीतही झाले आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळानं ‘मेदूसा’ ही एक जातच करून टाकली, एकीऐवजी शेकडो. शेकडो मेदूसांत एकीचीही कहाणी उरत नाही. हेसिओदच्या तीन गोर्गन बहिणींत फक्त मेदूसा मर्त्य होती, दोघी अमर. रोमन कवी ओविदच्या सांगण्याप्रमाणे देवळात तिच्यावर समुद्रदेवानं बळजबरी केली आणि शिक्षा झाली ती तिलाच. ओविदच्याही आधी देवळांवर नि ढालींवर तिचा जीभ बाहेर काढलेला चेहरा वाईट नजर परतवायला लावत, थेट आपल्या देवळांवरच्या कीर्तिमुखासारखा. एवढं सगळं एका बाईच्या वाट्याला आलेलं असताना तिला पंचवीसच्या कळपात उभं करायचं, हे मला कंजूषपणाचं वाटतं. याउलट बोर्हेसनं 1947 मधल्या एका छोट्या कथेत मिनोटॉरला त्याच्या जुन्या खासगी नावानं, अस्तेरिओन म्हणून, स्वतःच बोलायला लावलं. ‘अस्तेर’ म्हणजे तारा. बैलाचं डोकं घेऊन चक्रव्यूहात कोंडलेल्या पोराला कुणीतरी ताऱ्याचं नाव ठेवलं होतं, हे कळल्यावर त्याला मारणाऱ्या थीसियसच्या तलवारीकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

शेवटी परत शेळीकडे. खिमायरेचं गाव लिकिया, आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण किनारा. अंताल्या प्रांतात चिराली गावामागच्या डोंगरावर खडकांच्या फटींतून मिथेन वायू झिरपतो आणि ज्वाळा रात्रंदिवस जळत राहतात. डझनावारी लहान-लहान आगी, प्राचीन काळापासून. खाली हेफैस्तोस या अग्निदेवाच्या देवळाचे अवशेष आहेत. रोमन लेखक प्लिनीनंही लिकियातल्या खिमायरा नावाच्या जळत्या डोंगराची नोंद केली आहे. आज लोक रात्री बॅटऱ्या घेऊन वर चढतात आणि त्या आगीवर चहा उकळतात. तिथली तुर्की माणसं या जागेला ‘यानार्ताश’ म्हणतात, म्हणजे जळता दगड.